बिनशेजाऱ्यांची गावे : मालिकांच्या पडद्यावरील स्थळदर्शन

असिसीच्या संत क्लारा आयुष्याच्या उत्तरकाळात आजारपणाने अंथरुणाला खिळल्या होत्या. एका नाताळच्या रात्री मठातील इतर भगिनी उपासनेला गेल्या आणि क्लारा एकट्याच आपल्या खोलीत राहिल्या. त्या वेळी दूरच्या संत फ्रान्सिस यांच्या मंदिरात चाललेली उपासना त्यांना जागच्या जागी ऐकू आली आणि दिसली, अशी परंपरागत कथा आहे. या कथेला अनुसरून पोप बारावे पायस यांनी १९५८ साली संत क्लारा यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून जाहीर केले. या निवडीचे मर्म आपण सहसा ध्यानी घेत नाही. क्लारा यांनी जे पाहिले ते त्या घटकेला त्या ठिकाणी खरोखर घडत होते. मंदिर तेच होते, गाणारे तेच होते. दूरचे जवळ आणताना त्यात कोणतीही भेसळ झाली नव्हती. दूरचे दाखवणाऱ्या कोणत्याही साधनाचा पहिला धर्म हाच असावा, असे ख्रिस्तसभेला सुचवायचे होते, असे मानायला जागा आहे. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपर्कमाध्यमांविषयी 'इंतेर मिरिफिका' हा आदेश प्रसिद्ध केला, तेव्हाही सत्य आणि न्याय यांची चाड हीच त्याच्या मुळाशी होती.

आज आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांत संध्याकाळच्या रोझरीनंतर, आणि काही घरांत खरे सांगायचे तर रोझरीच्या वेळेलाच, मालिका सुरू असतात. त्यांतील सासू-सुना, कटकारस्थाने, भडक दागिने यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करायची नाही. या मालिका ज्या गावांत आणि शहरांत घडतात असे सांगितले जाते, त्या गावांचे आणि शहरांचे त्या काय करतात, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मालिका ही कल्पित कथा असते. कादंबरीकाराला जे स्वातंत्र्य आपण देतो ते मालिकाकारालाही दिले पाहिजे. पडद्यावरच्या वाड्याचा सातबारा मागणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे. तथापि कथा जेव्हा एखाद्या खऱ्या मुलखाचे नाव घेते, तिथली भाषा आणि तिथली वेशभूषा उसनी घेते, तेव्हा ती त्या मुलखाविषयी एक प्रकारची साक्ष देत असते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. ती व्यक्तीला लागू आहे, तशी गावालाही लागू आहे, या दृष्टीने मालिकांकडे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. मालिकांच्या हातून स्थळांचा जो विपर्यास होतो, तो तपशिलाच्या चुकीतून क्वचितच होतो. तपशील पुष्कळदा बरोबर असतात. मालिका गावातून शेजारी काढून टाकतात. घर राहते, देऊळ राहते, समुद्र राहतो. शेजारी तेवढा नाहीसा होतो. आणि त्याच्यामागोमाग त्या गावचे कष्ट जातात, त्या गावची भाषा जाते.

१

मराठीतील एक गाजलेले उदाहरण घेऊ. झी मराठी वाहिनीवर २०१६ च्या फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली. तिचे दुसरे पर्व २०१९ मध्ये आणि तिसरे २०२१ मध्ये आले. अण्णा नाईक, माई, शेवंता, पांडू ही नावे घराघरांत पोहोचली. कथा कोकणातील नाईक घराण्याची, आणि तिचे चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एका जुन्या घरात झाले.

या मालिकेचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. बहुतेक मालिका मुंबईच्या चित्रनगरीत प्लायवूडच्या भिंती उभारून गाव दाखवतात. इथे घर खरे होते, अंगणाची माती खरी होती आणि पाऊसही खरा होता. बोलीच्या बाबतीतही या मालिकेने एक मोलाची गोष्ट केली. मालवणी बोलीला महाराष्ट्रभर ओळख मिळवून दिली ती मच्छिंद्र कांबळी यांनी, १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण' या नाटकातून. ते यश एवढे मोठे होते की मालवणी म्हणजे हशा असे समीकरणच इतर महाराष्ट्राच्या मनात रूढ झाले. 'रात्रीस खेळ चाले'मधील माणसे मालवणीत रडतात, लोभ धरतात, धमकावतात, एकमेकांपासून गुपिते लपवतात. बोली ही केवळ हसवण्यासाठी नसून सगळे आयुष्य वाहून नेण्यासाठी असते, हे त्यातून लाखो प्रेक्षकांना कळले. घरी एक बोली आणि शाळेत दुसरी, अशा दुहेरी संसारात वाढलेल्या आपल्या वसईकरांना या गोष्टीचे मोल अधिक समजावे.

मालिका सुरू झाली त्याच वर्षी कोकणातून आक्षेप उठले. ती अंधश्रद्धेला खतपाणी घालते आणि कोकणाची बदनामी करते, असे म्हटले गेले. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कोकणात भुताखेतांच्या गोष्टी नाहीत असे म्हणणे हीच खोटी साक्ष ठरेल. देवचार, गाऱ्हाणे, राखणदार हे तिथल्या लोकजीवनाचे भाग आहेत. आपल्याही वाड्यांतून चिंचेखालच्या आणि विहिरीवरच्या गोष्टी कानांवर येतातच, आणि चर्चच्या घंटेने त्या पुरत्या थांबवल्या आहेत असा दावा कोणी करू नये. परंतु खऱ्या गावात भुताची गोष्ट कोणीतरी कोणाला तरी सांगत असते. ती खळ्यात बसून, चार शेजाऱ्यांच्या संगतीत सांगितली जाते. ऐकणारा घाबरतो, दुसरा कोणी चेष्टा करतो, एखादी आजी मध्येच तिसरीच आठवण काढते. सकाळ झाली की सगळे शेताला, बंदराला, एस. टी.च्या थांब्याला निघून जातात. मालिकेतल्या भीतीला सकाळ नाही. तिथे रात्र संपली की जाहिराती येतात आणि पुन्हा रात्र होते.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. कोकणी माणसाच्या मनात एक खरी भीती वसलेली आहे आणि ती वाटणीची आहे. एका सातबाऱ्यावर असंख्य नावे, त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, काही मृत, काहींचा पत्ता नाही. घर सामायिक असल्याने कौले कोणी बदलायची यावरून वर्षानुवर्षे अबोला. गौरी-गणपतीला चाकरमानी येतात, पाच-सात दिवस घर उजळते आणि पुन्हा कुलूप लागते. आंब्याच्या फवारणीसाठी काढलेले कर्ज, बागेत घुसणारी माकडे, पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्यांच्या बोटी यांच्यातला तंटा, हे त्या मुलखाचे रोजचे प्रश्न आहेत. मालिकेने वाटणीचा धागा उचलला होता. तो तसाच पुढे नेला असता तर मराठीत एक थोर कौटुंबिक शोकांतिका निर्माण झाली असती. पण भागांची संख्या वाढत गेली, तसतसे प्रत्येक खऱ्या प्रश्नाचे उत्तर भूत हेच होऊ लागले. जमिनीचा तंटा माणसांनी केलेला असतो, म्हणून तो माणसांना मिटवताही येतो. भुताने केलेल्या गोष्टीला कोणीच उत्तरदायी नसते. मालिकेने कोकणावर केलेला अन्याय हा आहे. भुताच्या नुसत्या दर्शनाने तो झालेला नाही.

आता शेजाराकडे पाहू. आकेरीपासून थोड्या अंतरावर सावंतवाडी आहे. तिथे चितारी कारागीर लाकडी खेळणी आणि गंजिफा रंगवतात. तिथेच मिलाग्रीस मातेचे कॅथिड्रल आहे, कारण पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली सावंतवाडीलाच स्थापन झाला. वेंगुर्ल्याला आणि मालवणला हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मच्छीमारांच्या वस्त्या आहेत. दशावताराची मंडळे गावोगाव रात्रभर खेळ करतात. नाईकांच्या वाड्याभोवती हे जग असल्याचा ठसा प्रेक्षकाच्या मनावर उमटत नाही. वाड्याच्या कुंपणापलीकडे जणू काळोखच आहे. गाव एका घराइतके आकसते, आणि मग त्या घराला जे वेड लागेल ते सगळ्या मुलखाचे वेड ठरते.

मालिकेच्या लोकप्रियतेनंतर तो वाडा पाहण्यासाठी पर्यटकांच्या झुंडी आकेरीला येऊ लागल्या. आकेरीत रामेश्वराचे पुरातन देऊळ आहे, गावाला स्वतःचा इतिहास आहे; पण येणारा मालिकेतला वाडा विचारतो. गावाला आपलीच ओळख पाहुण्याच्या तोंडून नव्याने शिकावी लागते. पडद्यावरची साक्ष अशी हळूहळू खऱ्या जागेवर येऊन बसते.

२

हे असे का घडते, याचा विचार केवळ मालिकाकारांना दोष देऊन संपत नाही. दैनंदिन मालिकेचा कारखाना कसा चालतो हे पाहिले पाहिजे. आठवड्याला पाच-सहा भाग द्यावे लागतात. आज लिहिलेला प्रसंग उद्या चित्रित होतो आणि काही दिवसांत दिसतो. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि कथेचे वळण त्यांवर ठरते. अशा घाईत गावाचा अभ्यास करायला, बोली जाणणारा माणूस शेजारी बसवायला सवड कुठून मिळणार?

दुसरे कारण अधिक खोल आहे. कथा आता एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कलमासारख्या लावल्या जातात. २०१९ साली बंगालीत 'श्रीमोयी' ही मालिका आली. तीच कथा त्याच वर्षी मराठीत 'आई कुठे काय करते!' झाली, २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा', तामिळमध्ये 'बाकियलक्ष्मी' आणि मलयाळममध्ये 'कुडुंबविळक्कु' झाली. मध्यमवयीन गृहिणीचा आत्मसन्मान हा विषय कोणत्याही प्रांतात खरा आहे आणि अशा देवघेवीला आक्षेप घेण्याचे कारण नाही. बायबलमधील दाखले तरी जगातल्या सर्व भाषांत गेलेच की. अडचण अशी की कलम करताना कथा तीच राहते आणि स्थळ केवळ वरून नेसवले जाते. बंगाली घरातली बाई हिंदीत अहमदाबादची गुजराती होते, म्हणजे तिचा पदर उजव्या खांद्यावर येतो आणि ताटात ढोकळा येतो. ज्या शहरात ती भाजी घ्यायला जाते, ज्या शेजारणीशी भांडते, ते शहर कुठेच येत नाही.

'गुम है किसी के प्यार में' या हिंदी मालिकेचे उदाहरण तर बोलके आहे. २०२० साली सुरू झालेली ही मालिकाही 'कुसुम दोला' या बंगाली मालिकेवर आधारलेली. कथेतील चव्हाण कुटुंब मराठी आणि राहणारे नागपूरचे. आता नागपूर म्हणजे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारे ऊन, वाळ्याचे पडदे आणि कूलर, संत्र्यांचा बाजार, गोंड राजांचा आणि भोसल्यांचा वारसा, दीक्षाभूमीवर दरवर्षी लोटणारा जनसागर, आणि ती ऐसपैस नागपुरी बोली. यांपैकी चव्हाणांच्या दिवाणखान्यात काय शिरले? पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रात चित्रीकरणावर बंदी आली. तेव्हा अनेक मराठी-हिंदी मालिकांचे ताफे गोव्याला गेले, आणि नागपूरचे हे कुटुंबही त्यांत होते. मे महिन्यात साथ वाढली, स्थानिकांकडून हरकती आल्या आणि गोवा शासनाने परवानग्या रद्द केल्या. त्या काही आठवड्यांत कोणाचे नागपूर, कोणाची मुंबई गोव्यात वसली होती. प्रेक्षकाला नागपूर हरवल्यासारखे वाटले नसावे, कारण जे मुळात पडद्यावर नव्हते ते हरवणार कसे?

३

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. आपल्या वसई तालुक्यात, नायगाव-कामणच्या पट्ट्यात, गेल्या काही वर्षांत मालिकांचे अनेक स्टुडिओ उभे राहिले. २०२२ मधील 'अलीबाबा : दास्तान-ए-काबुल' या मालिकेचे काबुल आपल्याच तालुक्यात उभारलेले होते. कोणी राजमहाल उभारतो, कोणी पंजाबचे घर, कोणी उत्तरेतला वाडा. आपली काही मुले तिथे सुतारकाम, प्रकाशयोजना, वेशभूषा यांत पोट भरतात आणि त्यात काही गैर नाही. वसईच्या किल्ल्याचेही तेच. कोल्डप्ले या इंग्रजी वाद्यवृंदाच्या २०१६ मधील एका गाण्यात किल्ल्याचे भग्नावशेष जगभर दिसले. पण ते कुठलेही भग्नावशेष असू शकले असते. १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर प्राण अर्पण केलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांची ही जन्मभूमी आहे, हे त्या भिंती पाहणाऱ्याला कोणी सांगितले? वसई पडद्यावर काबुल होते, परीकथेतला देश होते. वसई तेवढी होत नाही.

पडद्यावर ख्रिस्ती माणूस येत नाही असे नव्हे. तो येतो, पण त्याला गाव नसते. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात गोव्याचा मच्छीमार जॅक ब्रगांझा आला. प्रेमनाथ यांच्या दमदार अभिनयाने तो अजरामर झाला आणि त्याबरोबर एक साचाही अजरामर झाला. दूरचित्रवाणीने तो साचा चित्रपटाकडून जसाच्या तसा घेतला. गळ्यात ठसठशीत क्रूस, हातात पेला, मोडके हिंदी, वाक्यावाक्याला 'मॅन'. बाई असली तर आखूड झगा आणि अंगठ्याएवढी बुद्धी. गाव विचारले तर गोवा, फार तर वांद्रे.

त्या गोव्यावरही हा अन्यायच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती साधारण एक-चतुर्थांश आहेत आणि हिंदू दोन-तृतीयांशांच्या घरात. पडद्यावरचा गोवा मात्र समुद्रकिनारा आणि मद्यालय यांच्यामध्ये संपतो. खाऱ्या पाण्याला बांध घालून पिकवलेली खाजन शेती, नव्या कणसांचा आशीर्वाद घेण्याचा सण, क्रूसापुढे म्हटली जाणारी लदीन, खाणींनी उकरलेले डोंगर, १८९२ साली मुंबईत जन्मलेले आणि आजही भरल्या मंडपात चालणारे कोकणी तियात्र, हे सगळे त्या दोन टोकांच्या बाहेर राहते. मालिकेतील नवविवाहित जोडपे मधुचंद्राला गोव्याला जाते, तेव्हा त्यांना एकही गोंयकार भेटत नाही. भेटला तर तो पेला भरून देणारा असतो.

आपण वसईचे ख्रिस्ती या साच्यात कुठे बसतो? आपली सामवेदी आणि वाडवळी बोली, कोळीवाड्यांची कोळी बोली, आपल्या आज्यांची लाल लुगडी, केळीच्या बागा आणि पानवेली, पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी घेऊन मुंबईला जाणाऱ्या आपल्या आया, मराठीतली मिस्सा आणि मराठीतली गाणी, यांना त्या साच्यात जागाच नाही. साचा ज्याला ख्रिस्ती म्हणतो तो मराठी असूच शकत नाही. याचा परिणाम केवळ करमणुकीपुरता नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद येथे २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा विरोधाचे सूर उमटले. 'सुबोध बायबल' मराठीत आणणाऱ्या, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या या धर्मगुरूचे मराठीपण सिद्ध करून मागितले गेले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्यानंतर चार शतके उलटल्यावरही मराठी बोलणारा ख्रिस्ती ही काहींना नवलाची गोष्ट वाटते. या अज्ञानाचा सगळा भार मालिकांवर टाकता येणार नाही. परंतु रोज रात्री कोट्यवधी घरांत शिरणाऱ्या पडद्याने तो हलका करण्याचा यत्न कधी केला, असेही दिसत नाही.

यात आणखी एक धोका आहे. शेजारी नसलेले गाव हे रिकामे गाव असते, आणि रिकामी जागा म्हणजे विकाऊ जागा असे समजणारे लोक पुष्कळ आहेत. माडांच्या रांगा, एक सुंदर जुने घर, पलीकडे समुद्र, आणि माणूस कोणीच नाही, हे चित्र मालिकेत येते आणि तेच बांधकाम व्यावसायिकाच्या जाहिरातीतही येते. त्या घराभोवती वाट आहे, वाटेवर वहिवाटीचा हक्क आहे, विहिरीवर तीन कुटुंबांचा वाटा आहे, कोपऱ्यावरच्या क्रूसापाशी मे महिन्यात सगळी आळी रोझरीला जमते, हे दोन्ही चित्रांत नसते. ज्यांनी आपल्या पट्ट्यातील बागा एकामागून एक जाताना पाहिल्या आहेत, त्यांना यातला धोका उलगडून सांगण्याची गरज नाही.

४

मग मालिकेने स्थळाचे खरे दर्शन घडवणे अशक्यच आहे काय? तसे नाही, आणि याचे सर्वोत्तम उदाहरण एका अस्तित्वात नसलेल्या गावाचे आहे. आर. के. नारायण यांनी मालगुडी हे गाव मनाने रचले. १९६५ साली त्यांच्या 'गाइड' या कादंबरीवर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा मालगुडी उचलून राजस्थानात नेऊन ठेवले गेले, आणि नारायण यांनी त्याविषयीची आपली नाराजी पुढे एका लेखात मार्मिकपणे मांडली. त्यानंतर १९८७ मध्ये शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' ही मालिका केली. तिचे चित्रीकरण कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबे या अतिपावसाच्या गावी झाले. पात्रे हिंदीत बोलत होती. म्हणजे गाव कल्पित, जागा दुसरीच आणि भाषाही परकी. तपशिलाच्या हिशेबाने यात सगळेच चुकीचे होते. तरीही ती मालिका पाहिलेल्या पिढीला मालगुडी आजही खरे वाटते. जिथे मालगुडीचे रेल्वेस्थानक चित्रित झाले त्या अरसाळू स्थानकाच्या जुन्या इमारतीत २०२० साली मालगुडीचे संग्रहालय झाले.

याचे कारण उघड आहे. शंकर नाग यांनी गावात शेजारी ठेवले. स्वामी घराबाहेर पडला की त्याला कोणी ना कोणी भेटते, हाक मारते, दटावते. टपालवाला पत्र आणतो तेव्हा त्याला पत्रातला मजकूरही आधीच ठाऊक असतो आणि त्या घराचे सुखदुःखही. प्रत्येक माणसाला काही काम आहे. पाऊस पडतो तो नाट्यमय प्रसंगासाठी पडत नाही. त्या गावात तो पडतोच. घरांना ओसरी आहे आणि ओसरीवर बाहेरचा माणूस येऊन बसू शकतो.

इथे ख्रिस्ती वाचकाने एका गोष्टीवर थांबून विचार करावा. स्वामी ज्या शाळेत शिकतो ती अल्बर्ट मिशन शाळा आहे. १९३५ च्या मूळ कादंबरीत तिथले एबनेझर नावाचे शिक्षक बायबलच्या तासाला हिंदू दैवतांची निंदा करतात, स्वामी त्यांना अडचणीचा प्रश्न विचारतो आणि मार खातो. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचे निषेधाचे पत्र मुख्याध्यापकांकडे जाते. आपल्याला हे चित्र सुखावणारे नाही. पण नारायण स्वतः मद्रासच्या लुथरन मिशन शाळेत शिकले होते, आणि असे शिक्षक त्या काळी होते हे आपण नाकारू शकत नाही. एबनेझर मास्तरांना गाव आहे, शाळा आहे, वरिष्ठ आहेत, विद्यार्थ्याच्या वडिलांना उत्तर देण्याची जबाबदारी आहे. ते साचा नाहीत, माणूस आहेत. म्हणून त्यांच्यावरची टीका आपल्याला बोचते आणि पटते. पडद्यावर आपले गोडवे गायले जावेत, ही आपली मागणी असता कामा नये. आपल्या दोषांसकट आपल्याला आपल्या गावात उभे करा, एवढीच मागणी न्याय्य आहे. पेला हातात असलेला पीटर आम्हाला चालेल. पण तो कोणत्या आळीत राहतो, सकाळी कोणत्या कामाला जातो, आणि त्याची आई त्याला कोणत्या बोलीत बोलावते, हे दाखवा. तेवढे दाखवले की तो पेला आपोआप त्याच्या जागी जाईल.

५

मालिका बंद करा, पडदे जाळा, असा उपदेश या लेखाला करायचा नाही. तो कोणी ऐकणारही नाही. मालिका मुलांसोबत पाहताना तीन प्रश्न मात्र मोठ्याने विचारण्याची सवय आपल्या घरांत लागावी. या गावातली माणसे पोटासाठी काय करतात? यांच्या शेजारी कोण राहते? हे रागावले की कोणत्या भाषेत भांडतात? तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले तर ती मालिका, तिच्यात कितीही नाट्य असो, खरी साक्ष देते आहे असे समजावे. एकालाही उत्तर मिळाले नाही, तर मुलांना तेवढेच सांगावे की हे गाव कुठेच नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलालाही हे चटकन समजते, आणि त्यानंतर तो पडद्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आपल्या धर्मग्रामांत नाताळला आणि सणाला नाटके होतात. त्यांतील बरीच शहरी मराठी नाटकांची नक्कल असतात, आणि अलीकडे तर चक्क मालिकांची नक्कल होऊ लागली आहे. सामवेदी घरातली मुलगी रंगमंचावर हिंदी मालिकेतल्या सुनेसारखी चालते आणि आपण टाळ्या वाजवतो. त्याऐवजी बागेच्या बांधावरून झालेले भांडण, पाणी खारट झालेली विहीर, मुंबईला फुले नेणारी आजी आणि नोकरीला आखातात गेलेला तिचा नातू, अशा विषयांवर सामवेदीत, वाडवळीत, कोळी बोलीत नाटके लिहिली गेली पाहिजेत. गावगाड्यातले आपले हिंदू, मुसलमान, आदिवासी शेजारी त्यांत असले पाहिजेत, कारण त्यांना वगळून आपण आपले गाव दाखवले तर आपल्यात आणि मालिकाकारांत फरक तो काय राहिला? वयोवृद्धांच्या गोष्टी आता साध्या फोनवरही ध्वनिमुद्रित करता येतात. उद्या एखाद्या तरुण दिग्दर्शकाला वसईची मालिका करावीशी वाटली, तर त्याने कोणाकडे यावे, काय वाचावे, काय ऐकावे, याची सोय आपण केली आहे काय?

आपल्या गावाची साक्ष आपण दिली नाही, तर ती दुसरा कोणी देईल. आणि त्याने ते गाव पाहिलेले असेलच असे नाही.